बासष्ट नंबरची काच

१४ ऑक्टोबर

पुन्हा पहिल्यापासून! प्रयोगशाळेच्या प्रमुख ऑर्शोयाबाईंनी माझी नव्या मेंदूपेशींची आठवडाभराची मोजणी बाद केली. काचेवर मृत माणसाच्या मेंदूचा केसाहून पातळ काप, वर नुसता नंबर – माणूस नैराश्याचा रोगी होता की धडधाकट, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मी मात्र दर कापाला अंदाज बांधत होते. विरळ दिसला की रोगी! मग तिथे पेशी कमीच सापडायच्या. "पिरोश्का, तू मोजत नाहीस, शोधते आहेस," त्या म्हणाल्या. कोणाला, ते त्यांना ठाऊक नाही.

बाबांना. द्राक्षांची तोडणी संपल्यापासून ते गावी अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना हात लावत नाहीत. दादा म्हणतो, आळस, दुसरं काय! परवा फोनवर मीही बाबांना तेच बोलले. एवढं शिकून!

२१ ऑक्टोबर

मोजते आहे. नुसती मोजते आहे.

२७ ऑक्टोबर

आज नंबरांमागची माणसांची यादी उघडली. रोग्यांच्या बहुतेक कापांत नव्या पेशी खरंच कमी. पण बासष्ट नंबर! चेरीच्या फुलांचा सडा पडावा तशा दाट पेशी. पैजेवर सांगितलं असतं, माणूस धडधाकट. निघाली अठरा वर्षं नैराश्य सोसलेली बाई – शेवटची काही वर्षं नेमाने औषध घेणारी. एका काचेवरून काही सिद्ध होत नाही, ऑर्शोयाबाईंनी बजावलं. नसेल होत. पण मेंदूच्या या ओंजळभर ओल्या गोळ्यात माणसाचं सगळं हसणं-रडणं, आणि ते सुकत चाललं तरी आत पुन्हा अंकुर फुटू शकतात!

३० ऑक्टोबर

गावी आले. बाबांची माफी मागितली. बासष्टचा फोटो दाखवला, सगळं समजावलं – हा आळस नव्हे, आजार आहे. त्यांनी फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"तुझी आई अशीच पडून असायची," ते म्हणाले. "मी तिला आळशी म्हणत गेलो, ती गेली तोवर. तिला गोळी मिळाली नाही. मग मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

"ते आईलाच विचारा," मी म्हणाले.

१ नोव्हेंबर

आज मृतांच्या स्मरणाचा सण; सगळं गाव शेवंती घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर. बाबा उठले, दाढी केली, एकटेच गेले. आईपाशी काय बोलले, मी विचारलं नाही. परत आले आणि गोळीसाठी पाणी मागितलं.