गोदावहिनीची नाडी

अमरावती,
ता. ३ मे १९३७

प्रिय गोदावहिनी,

तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मळ्यात मोगरा उतू चाललाय आणि ओवायला घरात हात नाहीत, म्हणून दादा स्वतः गजरे ओवतो. ते पाहिलेस तर पोट धरून हसशील. बैलाच्या गळ्यात बांधावेत असे! माय त्याच्यावर ओरडते आणि गुपचूप उसवून पुन्हा ओवते.

माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कडक आहेत, पण समजावून सांगतात.

परवा भातकुलीची गंगूबाई म्हणून एक बाई आली. एवढ्या उन्हात अंगावर गोधडी, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. ‘लय आळशी झाली हे,’ ही नवऱ्याची तक्रार. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिच्या भुवया दाखवल्या, बाहेरची टोकं झडलेली. टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली, तर पाऊल हललं पण जागेवर यायला वेळ लागला. नाडी मिनिटाला अवघी बावन्न. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती मंदावली की सगळं अंगच मंदावतं, म्हणाल्या. अंग फुगतं, केस गळतात, पाळीसुद्धा बंद होते.

ऐकता ऐकता मला तू आठवलीस. मागच्या उन्हाळ्यात तू चुलीपाशी गोधडी घेऊन बसायचीस. गजरा ओवता ओवता तुझे हात थांबायचे.

इतका वेळ मोगऱ्याचं लिहीत बसले, कारण पुढचं लिहवत नाही.

तुला दिवस गेलेत असं पहिल्यांदा मी म्हटलं. माझं पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं, तरी मोठ्या ऐटीत तुझं पोट चाचपलं आणि मायला सांगितलं, पाचवा लागला. तू म्हणत होतीस, ‘मले तसं वाटत नाई शकुन, आत काईच हालत नाई.’ मी म्हटलं, ‘तुले काय समजते? मी शिकून राहिली.’ सातव्या महिन्यात आपल्याच शेवंतीचे दागिने करून तुला फुलांची वाडी भरली. बाजारातल्या साऱ्या माळणी जेवून गेल्या. मग तू बाळंतपणाला अकोल्याला गेलीस, आणि दिवस उलटून गेले तरी बाळ काही झालं नाही.

माय म्हणाली, ‘सोंग केलं तिनं.’ दादासाठी बडनेऱ्याची दुसरी मुलगी पाहून आली. मी तोंड शिवून बसले. आणि तू, वहिनी, एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. का नाही घेतलंस? तू चार शिव्या घातल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं.

काल सकाळी घरी जाऊन दोघांना सगळं सांगितलं. दादा उठून मळ्यात गेला, दुपारी आला तो बडनेऱ्याला नकार कळवूनच. माय फुलांच्या टोपलीपाशी बसून राहिली. औषध मेंढीच्या ग्रंथीचं असतं, हेही मी तिला सांगितलं, कारण ती माळकरी. ती म्हणाली, ‘मेंढीचं असो नाईतं हत्तीचं, माह्या सुनेले दे.’ आणि मग खूप रडली.

तपासल्याशिवाय डॉक्टरीणबाई काही छातीठोक सांगत नाहीत, आणि या वेळी मीही सांगणार नाही. हेच दुखणं निघालं तर रोज गोळी घ्यावी लागेल, बहुतेक जन्मभर. पण माणूस पुन्हा पहिल्यासारखं होतं, असं त्या म्हणतात.

गुरुवारी दादा तुला न्यायला येतोय. काय बोलायचं ते तो आतापासूनच घोकतो आहे आणि ऐन वेळी विसरणार आहे, तेवढं सांभाळून घे. यायचं की नाही हे मात्र तू ठरव. आलीस तर बडनेऱ्याच्या फलाटावर मी उभी असेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. हात तेवढा पुढे कर. पुरतं एक मिनिट नाडी मोजेन, आणि त्याआधी तुला कसं वाटतंय ते तू सांगशील तेवढं सगळं ऐकेन.

तेव्हा तुझं न ऐकलेली, तुझीच
शकुन