मुरमातलं संत्र

२ डिसेंबर १८६४, अमरावती
आजपासून संत्र्याले पाणी बंद. मुळ्या उघड्या केल्या. बार्शीटाकळीले बाप असाच ताण द्यायचा. झाड तहानेनं पानं टाकते, मंग खत-पाणी दिलं का फुलते. तीन वर्षं या झाडाले नुसती पानं. हे म्हणतात तोडा, सरकी लावू. कपाशीशिवाय कोणाले काई दिसतच नाही आता. म्या म्हटलं थांबा. येशूच्या गोष्टीतला माळी अंजिरासाठी धन्याले थांब म्हणते का नाही?

रिबकालेबी असाच ताण देऊन राहिली. पोटची पोरगी, दिवाळीपासून अकोल्याले मामाकडं जाऊन बसली. भावानं कपाशीत पैसा केला, तिथं सोनं दिसते. भाऊ आमच्यासारखा ख्रिस्ती झाला नाही, त्याच्या घरी कुंकू लावते म्हणे. म्या निरोप नाही पाठवला, लुगडं नाही. तरसली का वळेल.

२५, नाताळ
पाद्रीसाहेबांनी देवळात माझ्या झाडाचीच गोष्ट सांगितली. देव सुकवते ते फळासाठी. सगळे माझ्याकडं पाहत. बरं वाटलं.

२८
रिबका आली. मामाच्या कपाशीच्या गाड्यांसंगं, बाजाराले. फाटकातच उभी, कपाळ लाल.
‘आई, पाणी दे वं.’
‘कुंकू पूस, मंग पाणी.’
माघारी फिरली. मंग गाडीत जाऊन बसली. हे जेवले नाहीत.

९ जानेवारी
पानं सगळी गळाली. शेंडे मोडून पाहिले, आतून कोरडे. शेजारची गोदा माळीण आली, मुळाजवळची माती चोळून पाहिली.
‘काहून इतका ताण दिला वं?’
‘माहेरी इतकाच देतात.’
‘माहेरची काळी जमीन. ओल धरून ठेवते. हा मुरूम, याच्यापाशी काय हाय धरून ठेवाले?’ वरून हसली. ‘तुमचा देव माती पाहत नाई काय, मार्थाबाई?’
चीड आली.

१०
मुळ्या झाकल्या. शेणखत, पाणी. खोडाले नख लावलं. बुडाशी हातभर हिरवं, वर नाही.
पाद्रीसाहेब आले, फुलं पाहाले. म्हटलं, ते गोष्ट आता कोणाले सांगू नोका.
‘काहून, बाई?’
‘मातीचं सांगाचं राहिलं त्यात.’
त्यांले समजलं नाही. मलेबी पुरतं कुठं…
प्रार्थनेले बसली. रिबकाले कुंकू पुसून ये म्हणू, का नुसतं ये म्हणू? तशीच उठली.

१७
पाणी घालून राहिली. कोंब नाही. हे आता तोडा म्हणत नाहीत, तेच जास्त लागते.
उद्या बाजार. भावाच्या गाड्या येतील.
‘आली तं?’ यांनी इचारलं.
‘तुमी मधात बोलू नोका.’
माठ घासला, भरला, फाटकाजवळ नेऊन ठेवला. वर तांब्या.
कुंकू अजून खुपतेच.