यादोरावांची जागा

जवाहरनगर

प्रिय टीनाताई,

मामाने मोबाईल काढून घेतला, म्हणून पत्र लिहून राहिलो. बाबांचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहो. इथं आल्यापासून कोणावर हात उचलला नाही, हे आईले आवर्जून सांग.

माझा राग उतरावा म्हणून मामा मले रोज सकाळी क्वार्टरमागच्या मैदानावर ताई-ची नावाच्या चिनी व्यायामाले नेते. धुक्यात म्हातारी माणसं पाण्याखाली असल्यासारखी सावकाश हात हलवतात. तू असती तर हसून लोळली असती.

पहिल्या दिवशी रांगेत एकच जागा रिकामी होती. मी तिथं उभा राहिलो तर सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मामा म्हणाला, "अबे, यादोराव वारले तेव्हापासून तिथं कोणी उभं राहात नाही." मी ऐकतो थोडाच!

ताई, मले काहीच शिकवलं नव्हतं, तरी माझे हात शिकवणाऱ्या सरांच्या आधी वळले. सर हळूच म्हणाले, "यादोराव असेच करायचे."

यादोरावांची बायको केशरकाकू तिथं चहा आणतात. परवा माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, लग्नात तुमची मुंडावळी सुटली होती ना?" त्यांच्या हातातला कप पडला. मले हे कोणी सांगितलं नाही. त्यांचा लग्नातला चेहरा मले रोज दिसते.

आईले यातलं काही बोलू नको. फक्त एक काम कर. ज्या खुशबूपायी मी दोघांले झोडपून कॉलेज सोडलं, तिच्या घरी जाऊन ये. तिचा चेहरा कसा आहे, ते मले लिहून पाठव; मले तो आता आठवून नाही राहिला.

तुझा भाऊ,
धर्मेंद्र