पाणी सोडल्याबिगर माती नाही

ती. आईले चंदाचा पाया पडून नमस्कार.

मी बरी आहो, डबाही चांगला भेटते. फोनवर तू घाबरली असती, म्हणून लिहून राहिली.

अकोल्याकडच्या या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम माह्याकडे आहे. आराखड्यात मी पाणी सोडून सांध्यांच्या चाचणीचे चार दिवस धरले होते. साहेबानं ते खोडले. सोमवारी उद्घाटन आहे म्हणे, पाइपाची नाली मातीनं बुजव. सरपंचानं त मंडपही सांगितला.

मी साहेबाले म्हटलं, "नाही बुजवत. सांधा गळला त खारं पाणी आत शिरीन, अन् बाया तेच लेकरांले पाजतीन."

"बदली करीन तुही!"

"करा."

राजापेठेतल्या आपल्या शिलाईच्या दुकानात नवरीकडचे डोक्यावर उभे राहिले, तरी तू कापड भिजवल्याबिगर कात्री लावली का कधी? मंग मीच कावून भ्यावं?

काल गावच्या बायांले नालीच्या काठानं उभं केलं अन् पाणी सोडलं. तीन सांधे गळले. बायांनीच सरपंचाले हात धरून आणलं, दाखवलं.

तुह्या मशीनचा पट्टा बदलला का? धाकटा नितेश वेळेवर जेवते का?

बदलीचा कागद येईन बहुतेक. बॅग भरून ठेवली आहे. नाली मात्र उघडीच आहे.

तुहीच पोरगी,
चंदा