खिरापतीच्या डब्यातलं पाणगवत

बाबा, काल अकोल्याला जाऊन आले, तुमच्या त्या लाडक्या विद्यार्थ्याकडे. तोही आता म्हातारा झालाय. मला दारात पाहिलं आणि आत बायकोला ओरडून म्हणाला, "अवं पाह्य, आपल्या सरांची पोरगी आली!" आपल्या सरांची! तिथपासून जे माझं पोटात दुखायला लागलं ते बस अमरावतीला पोचेपर्यंत थांबलं नाही. माझ्या वयाच्या बायका देवाचं नाव घेतात आणि मी अजून तिथेच.

तो हिवरखेडच्या कास्तकाराचा मुलगा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचात आणि तो आपल्या ओसरीवर अभ्यासाला यायचा. त्याआधी तळ्यावर वनस्पती शोधायला तुमच्याबरोबर मी जात असे. भिंग माझ्या गळ्यात असायचं. मग आई एके दिवशी म्हणाली, मुलगी मोठी झाली, आता हे रानोमाळ हिंडणं पुरे, आणि तुम्ही मान हलवलीत. वाद नाही, काही नाही. पुढच्याच रविवारी भिंग त्याच्या गळ्यात. तेव्हापासून मी त्याला पाण्यात पाहत आले. पोरगा तसा गरीब स्वभावाचा होता, वाईट म्हणावं असं त्याच्यात काही सापडेना, आणि त्याचाही मला राग येई.

त्याच वर्षी तुम्हाला तळ्यात ते पाणगवत मिळालं. सगळं पाण्याखालीच वाढणारं, बाहेर काढलं की ओल्या केसांसारखं हाताला चिकटणारं. लोक त्याला शेवाळ म्हणून मोकळे होत. जेवताना तुम्ही आईला सांगत होता, पण मीच ऐकत होते: याच्या दोन जाती, पानं अगदी सारखी. एकीचं बी गुळगुळीत, ती कुठेही मिळते. दुसरीच्या बियांवर काटे, आणि ती वऱ्हाडात अजून कुणाला सापडलेली नाही. फळ मिळाल्याशिवाय ओळख पटायची नाही. फळासाठी तो रोज सकाळी तळ्यात बुड्या मारायचा आणि रिकाम्या हातांनी यायचा. आई त्याला ओसरीवर गरम भाकर वाढायची, म्हणायची, "काकडून गेलं लेकरू." मी भिजून आले की मात्र आधी बोलणी बसायची.

तुम्हा दोघांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. तळ्याचा एक काठ बायकांचा होता, धुण्याचा आणि अंघोळीचा. तिकडे पुरुष फिरकत नसत, मान वळवून जात. तुम्ही अख्खं तळं धुंडाळलंत, तेवढा काठ सोडून.

कोजागिरीनंतर सकाळी आम्ही मुली भुलाबाईची मूर्ती शिरवायला तिथेच गेलो. महिनाभर घरोघरी गाणी म्हणून झाली होती, बंद डबे हलवून खिरापती ओळखून झाल्या होत्या. मी परकर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले, मूर्ती सोडली, आणि पायाला ती पानं लागली. खाली वाकून बुडाशी चाचपलं तर पानांच्या बेचक्यात लांबट, फुगीर शेंगा. मैत्रिणी हाका मारतायत, मी चिखलात हात घालून मुळासकट उपटतेय. आणायचं कशात? खिरापतीचा डबा होता.

घरी आले तेव्हा तुम्ही पाटावर बसून चहा घेत होता. मी डबा तुमच्या कानाशी हलवला. "ओळखा."

"शेंगदाणे," तुम्ही म्हणालात.

"नाही."

"मग फुटाणे. का गं, वाजत काहून नाही?"

"हरलो म्हणा."

"बरं बाई, हरलो."

मी झाकण काढलं. तुमचा तो चेहरा मी अजून कुणाला दिला नाही, नवऱ्यालाही सांगितला नाही. चहा तसाच राहिला. तुम्ही डबा दोन्ही हातांनी घेतलात, उठलात, मला वाटलं आता माझ्या डोक्यावर हात ठेवणार, आणि तुम्ही ओसरीकडे तोंड करून ओरडलात, "अरे, ये लवकर! भिंग आण!"

तो धावत आला. तुम्ही पात्यानं शेंग उभी चिरलीत आणि भिंगाशी त्याला आधी बसवलंत. "काटे हायेत सर! बीले काटे हायेत!" तो अक्षरशः नाचला. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. म्हणालात, "डोळे आहेत तुला." माझा परकर जमिनीवर ठिबकत होता. मी परसात निघून गेले. मग तुमची हाक आली, "अगं, ये की, तू पण बघ." पण ती दुसरी हाक होती, बाबा. पहिली त्याला गेली होती. मी तुळशीमागे उभी राहिले आणि तुम्ही पुन्हा हाक मारली नाहीत.

काल त्यानं ते सगळं आठवणीनं सांगितलं. "ताई, ते तुमीच आणलं होतं, मी सगळ्यायले सांगतो. माह्या हातून तं काही झालं नसतं." निदान कृतघ्न तरी निघायचा होता! मग कपाटातून त्यानं एक लहानशी बाटली काढली, त्याच शेंगेतलं बी जपून ठेवलेलं. सूक्ष्मदर्शक मांडला, खुर्ची पुसली. "पाहता का ताई? तुमी त्या दिवशी पाह्यलंच नाही." मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. त्यानं स्वतःचा काढून पुढे केला. मी म्हणाले, तो मला लागत नाही, आणि बससाठी उठले.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि टाकणारही नाही. तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. चष्मा माझ्या पिशवीतच होता, बाबा. ते बी मला त्याच्या हातून बघायचं नव्हतं.