एकशे वीस हप्ते

२४ सप्टेंबर २०१८, सोमवार

सत्त्याऐंशी! एकशे वीस नाहीत, सत्त्याऐंशी!

दहा वर्षं सरकारी शाळेत नोकरी करा, एकशे वीस महिने शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरा, उरलेलं कर्ज माफ — हे केंद्र सरकारने छापून दिलंय. दहा वर्षं मी अडखळत बोलणाऱ्या पोरांना तोंड कसं उघडायचं, जीभ कुठे टेकवायची ते शिकवतेय. पगारात भागत नाही म्हणून शनिवार-रविवार हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहते. एक हप्ता चुकला नाही. आणि आज पत्र येतं, ‘आपले ८७ हप्ते पात्र ठरले आहेत. आपल्या समाजसेवेबद्दल आभार.’

आभार गेले खड्ड्यात. तेहतीस हप्ते कुठे आहेत माझे?

२५ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत फोन लावला. कर्ज सांभाळणारी कंपनी खाजगी, सरकारने नेमलेली. अर्धा तास पियानो ऐकवला. मग एक बाई आली, अगदी गोड.

“तुम्ही जास्त पैसे भरलेत, मॅडम.”

“मग?”

“जादाची रक्कम आम्ही पुढच्या महिन्यासाठी धरली. त्यामुळे पुढच्या महिन्याचं बिल शून्य झालं. शून्य बिलावर भरलेला हप्ता मोजत नाहीत.”

मी तिला तीनदा विचारलं. म्हणजे कमी भरले म्हणून नाही, उशिरा भरले म्हणून नाही, जास्त भरले म्हणून? हो मॅडम. आणि हे दहा वर्षांत मला कुणी का कळवलं नाही? तशी पद्धत नाही मॅडम. तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या तासाला पाच वर्षांचा मुलगा समोर बसला होता, त्याला हसून ‘ये राजा’ म्हणावं लागलं.

२६ सप्टेंबर

आणि जास्त भरायला शिकवलं कुणी? बाबांनी!

चौतीस वर्षं कागद गिरणीत काढली. कुणाचं एका डॉलरचंही देणं ठेवलं नाही. पहिला हप्ता भरताना मला शेजारी बसवून सांगितलं होतं, “हायडी, दोनशे मागितले तर अडीचशे द्यायचे. मग बँकेची मान आपल्यापुढे खाली राहते.” इकडे सगळेच म्हातारे असे. देणं म्हणजे अंगावरचा डाग. मी गाढवासारखी ऐकत राहिले. टॅक्स परत आला की तोही तिथेच भरायचे, आणि वर बाबांना फोन करून सांगायचे.

आज त्यांना फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. तुमच्या शहाणपणापायी माझी पावणेतीन वर्षं गेली म्हटलं. तुम्हाला यातलं काही कळत नाही, कळत नव्हतं तर गप्प बसायचं होतं म्हटलं. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटलेलं नाही. मुद्दाम लिहून ठेवते. अजिबात नाही.

३ ऑक्टोबर

योलांडा शेजारच्या वर्गावर असते. तिचंही कर्ज आहे, पण तिला यातल्या सगळ्या पळवाटा पाठ. डबा खाताना म्हणाली, “एवढी काय रडतेस? माफीचे अजून मार्ग आहेत की.”

“सांग.”

“कॉलेजने फसवलं किंवा ते बंद पडलं, तर माफ.”

“माझं कॉलेज ठणठणीत आहे. परवाच देणगी मागायला पत्र आलंय.”

“कायमचं अपंगत्व आलं तर माफ. मेलीस तर लगेच माफ, कागदही फारसे लागत नाहीत.”

“दिवाळखोरी?”

“कोर्टात जाऊन सिद्ध कर की जन्मभर दोन वेळचं खायला मिळणार नाही. हा चांगला डबा घेऊन जाऊ नकोस मात्र.” मग म्हणाली, उत्पन्नाप्रमाणे हप्ता ठरवून पंचवीस वर्षं भरायचे, त्यानंतर माफ. मी हिशेब केला. माझी तेव्हा पेन्शन सुरू झालेली असेल.

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. रागाने. शेवटी तिनेच सांगितलं, फेरमोजणीची तक्रार कर. तिच्या चुलतबहिणीचे हप्ते तसे परत धरले होते. मी आजच अर्ज उतरवून घेतलाय.

९ ऑक्टोबर

अर्जावर शाळा-मंडळाची सही लागते. मंडळाच्या कचेरीतल्या लिंडक्विस्टबाईंनी सही केली, तारीख घालायच्या विसरल्या. पुन्हा वीस मैल.

११ ऑक्टोबर

अर्ज गेला. सोबत दहा वर्षांच्या पावत्या. पोस्टातला माणूस म्हणाला, “पुस्तक लिहिलंत वाटतं?”

१७ नोव्हेंबर, शनिवार

आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. दुकानात सकाळी सहापासून नारिंगी जाकिटांची गर्दी. काडतुसं, हातमोजे, कॉफी. बाबांच्या ओळखीचा प्रत्येक जण मला विचारतोय, “ऑरिन गेला का रानात?”

जाणारच. आजोबांनी घेतलेलं वीस एकर रान आहे उत्तरेला, त्यात फळ्यांची खोपटी. पहिल्या दिवशी बाबा तिथे नाहीत असं माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नाही. मी स्वतः नऊ वर्षांची असल्यापासून जायचे. दुपारी सहज फोन केला तर घरीच! गुडघा दुखतो म्हणे. गुडघा बिडघा काही नाही. दोन महिन्यांपूर्वी मी बोलले त्याचा रुसवा आहे हा. लहान मुलासारखं वागायचं आणि वर आपण बोलायचं नाही.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

बाबांकडे. टर्की कोरडी झाली होती, मी तसं बोलून दाखवलं. एल्रॉयकाका होते — बाबांचे शिकारीतले जोडीदार, गिरणीतलेही. जेवताना दोघं सारखे एकमेकांकडे बघत होते.

भांडी घासताना बाबा म्हणाले, “तुझे ते कर्जाचे कागद बघू.” फोनवर दाखवले. त्यांना फोनवर वाचता येत नाही, म्हणून शेवटचं पत्र पर्समधून काढून दिलं. चष्मा लावून कितीतरी वेळ वाचत बसले. कंपनीचा पत्ता, खाते क्रमांक, सगळं बोट ठेवून. माझी चूक शोधताहेत म्हणून माझं डोकं फिरलं.

“सापडलं का काही?”

“हे लोक तुला माफ करायचे नाहीत, पोरी.”

“तक्रार केलीय. होईल.”

“आणि माफी कशाची? तू काय गुन्हा केलायस?”

म्हटलं, बाबा, ही भीक नाही, करार आहे. मी माझी दहा वर्षं दिलीत. ते म्हणाले, “कागद ठेवून जा इथे.” ठेवला. भांडायला अंगात जीव नव्हता.

१० डिसेंबर

शून्य!!

आज सकाळी खातं उघडून बघितलं. बाकी: ०. शेहेचाळीस हजारांचं शून्य. शाळेच्या स्टाफरूममध्ये किंचाळले. योलांडाने मिठी मारली. दुपारी दोघींनी केक आणला आणि लिंडक्विस्टबाईंनाही पाठवला. संध्याकाळी हार्डवेअरवाल्याला सांगितलं, नाताळानंतर मी येत नाही.

११ डिसेंबर

माफीचं पत्र कधी येईल विचारायला फोन केला.

“माफी नाही, मॅडम. पूर्ण भरणा झालाय. शुक्रवारी. बँकेचा चेक आला होता.”

“कुणाचा?”

तिने नाव वाचलं. आडनाव माझंच. नाव ऑरिन.

१५ डिसेंबर, शनिवार

तीन तास गाडी चालवत गेले. रस्ताभर काय काय बोलायचं ते मोठ्याने म्हणत होते.

रान विकलं. खोपटीसकट. एल्रॉयकाकांना. थँक्सगिव्हिंगच्या आधीच ठरलं होतं, म्हणून त्या दोघांची तोंडं तशी होती. विकलेल्या रानात शिकारीला कसं जायचं, म्हणून या वर्षी गेले नाहीत. एल्रॉयकाका ‘चल की’ म्हणत होते म्हणे.

“मला विचारलं का नाही?” मी दारातूनच ओरडले.

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“ते आजोबांचं होतं!”

“माझ्या सांगण्यावरून जास्त भरत राहिलीस ना? मग मीच निस्तरलं.” चीज आणि सॉसेज कापत होते. दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. “आता शनिवारी त्या दुकानात उभी राहू नकोस. बस. खा.”

मी बसले. खाल्लं. रागाने मी कचाकचा चावत होते, आणि ते माझ्याकडे बघून खूश होते. गिरणी सोडल्यापासून त्यांना असं बघितलं नव्हतं.

२१ डिसेंबर

फेरमोजणीचा निकाल आला. तक्रार मान्य. जादा भरलेले महिनेही धरले, सुरुवातीचे चार तेवढे वगळले. नोव्हेंबरपर्यंत ११८ हप्ते पात्र.

दोन राहिले होते. डिसेंबर आणि जानेवारी.

कंपनीला फोन केला. चेक परत द्या, कर्ज होतं तसं उघडा. मी भरते दोन हप्ते. “फिटलेलं कर्ज पुन्हा उघडता येत नाही, मॅडम.” तुमचा वरिष्ठ द्या म्हटलं. वरिष्ठानेही तेच सांगितलं. त्याच्यावर ओरडले, मग त्याच्या वरच्यावर ओरडले. तो शेवटी म्हणाला, तुमचं अभिनंदन, तुम्ही कर्जमुक्त आहात. मी फोन भिंतीवर फेकला. काच गेली.

२४ डिसेंबर

बाबांचा फोन. नाताळला किती वाजता येतेस विचारलं. मग म्हणाले, तुझ्या त्या तक्रारीचं काय झालं गं?

म्हटलं, फेटाळली, बाबा. तुम्ही म्हणत होतात तसंच.