येळवशीला राहिलेली तपासणी

प्रिय उमा,

रागानंच लिहितेय, त्यामुळे तब्येत कशी आहे वगैरे विचारत नाही. तू खरं सांगणार नाहीसच. सातवा महिना लागला तरी आमच्या दवाखान्याच्या गाडीच्या तीन फेऱ्या चुकवल्यास. म्हणे, अक्का घरचीच नर्स, कधीही तपासेल! फोन करावा तर तुझे विरेशराव फोनचा स्पीकर चालू करणार आणि शेजारी तुझ्या सासूबाई. म्हणून हा कागद.

कालचंच घे. आमच्या पुण्याच्या ऑफिसानं तुमच्या गावची फेरी नेमकी येळवशीला, वेळ अमावास्येला लावली. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला असतं, हे मी महिनाभर घसा फोडून सांगत होते. तर तारीख कॉम्प्युटरमध्ये बदलत नाही म्हणे! शाळेपुढं गाडी लावली आणि बघते तर घरोघरी कुलपं. आमचा ड्रायव्हर बिरू हसायला लागला, "म्याडम, आज हितं कुत्रं बी घावायचं न्हाय." मग काय, वजनकाटा आणि लसींचा डबा घेऊन बांधाबांधानं हिंडलो. प्रत्येक खोपीपुढं आधी आंबील प्यायची, मग बाई दंड पुढं करणार. लेकरं सुई बघून ज्वारीत पळाली, त्यांच्या मागं मी. वर रिपोर्टात 'गर्दी कमी का?' हा रकाना मीच भरायचा!

शेवटी तुमचं शेत. मी पिशवीत हात घातला तर तुझ्या सासूबाईंनी, गिरिजाबाईंनी ताटच पुढं सरकवलं. "आदी जेवा की बाई, तपासनी कुठं पळून चाललीया? गरवारपनात पाय सुजत्यातच." आणि बावीस बायांवर ओरडून आलेली मी, बहिणीच्या सासरची पाहुणी होऊन गप बाजरीचे उंडे खात बसले. तू पाय साडीखाली ओढून घेतलेस. तोंडावरही सूज होती. डोकं दुखतंय म्हणालीस, तरी मी पिशवी तशीच उचलून निघाले. तेव्हापासून माझा मलाच संताप येतोय.

खरं कारण तुला कधी सांगितलं नाही. माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, त्याला घरात सगळ्यांनी नशीब म्हटलं. नशीब कसलं! माझेही पाय असेच सुजले होते, डोकं ठणकत होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते, स्वतःच्या एकदाही बांधला नाही. मला भीती वाटतेय उमा, फार.

आज फेरी नाही. तरी गाडी तुमच्या घराच्या वळणावर उभी आहे आणि मी आत बसून हे लिहितेय. घरात आले तर गिरिजाबाई पाट मांडतील आणि माझं तोंड पुन्हा बंद होईल. म्हणून चिठ्ठी बिरूजवळ देतेय. वाचलीस की आहेस तशी नीघ. साडी बदलू नकोस, कुणाला विचारत बसू नकोस. दहा मिनिटांत आली नाहीस तर मी आत येते, आणि आज मी जेवायला बसणार नाही.

तुझीच, तुझ्यावर चिडलेली,
अक्का